मेलेला कापूस

दिवे गेले तेव्हा पिल्लूशेठ मागच्या खोलीत उकिडवा बसून पिल्लांची पाण्याची भांडी विसळत होता. खोलीच्या मधोमध पत्र्याचं गोल कडं, कड्यात लाकडाच्या भुशाचा थर, भुशावर नुकतीच आणलेली पिवळी पिल्लं आणि त्यांच्या डोक्यावर आढ्यापासून लोंबणारे मोठे बल्ब. बल्ब विझले तशी पिल्लं क्षणभर गप्प झाली, आणि मग सगळी एकदम चिवचिवायला लागली.

"येतील," तो अंधारातच म्हणाला. पिल्लांना म्हणाला की स्वतःला, ते त्यालाच ठाऊक.

शेठ हे काही त्याचं नाव नव्हे. खडीच्या खाणीवर दगड फोडता फोडता केस पिकायला लागलेला माणूस तो. खाण लांब होती. वर्षातून दोनदा घरी यायचं, आणि परत निघताना बायकोच्या तोंडाकडे बघायचं नाही, असा त्याचा शिरस्ता. या वर्षी बायकोनेच हट्ट धरला. मागची खोली रिकामी पडली आहे, पिल्लं आणू, वाढवू. ही खेप जगली तर तुम्ही इथेच राहा. नाही जगली तर खुशाल जा खाणीवर, मी अवाक्षर काढणार नाही. पिल्लांची खोकी घरी आली त्याच दिवशी गावाने त्याला पिल्लूशेठ करून टाकलं. खाणीवरच्या धुळीने दमेकरी झालेल्या माणसाला शेठ म्हणण्यात जी मजा आहे ती गाव कशाला सोडेल?

बायको कंदील घेऊन आली. बाहेर वारा असा सुटला होता की कौलं वाजत होती, आणि वाऱ्याबरोबर सुईसारखा बारीक पाऊस येत होता. तिने कंदील कड्यावर धरला आणि म्हणाली, "बघा, चढायला लागली."

पिल्लांना गार लागलं की ती एकमेकांच्या अंगावर चढतात. वरच्यांना ऊब मिळते, खालची चेंगरून मरतात. त्यांना हाताने वेगळं करावं लागतं, आणि हात काढला की ती पुन्हा चढतात. दोघं कड्याच्या दोन बाजूंना गुडघे टेकून बसली आणि ओंजळी भरभरून पिल्लं पसरवत राहिली. पिल्लांचे पाय बर्फासारखे लागत होते. तिने घरातली पोती आणली, चादरी आणल्या, स्वतःची शाल आणली आणि कड्यावर आडव्या टाकलेल्या काठ्यांवर पसरली. तरी फटींतून वारा यायचाच.

"काहीतरी जाड पाहिजे," ती म्हणाली.

दाराशी पाय घासल्याचा आवाज आला. शेठचा म्हातारा बाप उभा होता. त्याच्या दोन्ही हातांत त्याची रजई होती, घडी करून, कोणाला आहेर द्यायला आल्यासारखी.

"ही घाला वरून."

"बाबा, मग तुम्ही काय घ्याल?" सुनेने विचारलं.

"हिच्यात काय उरलंय? कापूस मेलाय हिच्यातला. उगाच ओझं अंगावर घेऊन झोपतो मी."

म्हातारा गादीवाला होता. त्याने आयुष्यभर गावाचा कापूस पिंजला, गावाच्या गाद्या आणि रजया भरल्या. कापूस मरतो हे त्याच्या धंद्यातलं बोलणं. वर्षानुवर्षं दबून कापसाच्या गाठी झाल्या, त्यात हवा राहिली नाही, की तो मेला. मग तो फेकायचा, किंवा जीव असेल तर उकलून पुन्हा पिंजायचा. गिऱ्हाईक कधी खरं सांगत नाही, असं म्हाताऱ्याचं मत. ज्याला नवी रजई हवी तो म्हणतो कापूस मेला, ज्याला फुकटात काम हवं तो म्हणतो अजून चांगला आहे. म्हणून तो कोणाचंच ऐकत नसे. कोपऱ्यातले चार टाके उसवायचा, आत हात घालायचा आणि डोळे मिटायचा. लहानपणी हाच मुलगा त्याच्या शेजारी बसवलेला असे. "बोलण्यावर जायचं नाही," म्हातारा त्याला सांगे, "हात घालून बघायचं." मुलगा धंदा शिकला नाही. स्पंजाच्या गाद्या आल्या आणि शिकून करायचं काय, हा प्रश्नच उरला नाही. म्हाताऱ्याची पिंजण खुंटीला टांगलेली राहिली.

"मेलाय म्हणता?" शेठने रजई हातात घेत विचारलं.

"मेलाय. घाला."

त्याने ती पिल्लांवर घातली. दोघांनाही बरं वाटलं, आणि म्हाताऱ्याचं बोलणं खरंही वाटलं, कारण त्या वेळी ते खरं असणं सोयीचं होतं. जिच्यात म्हाताऱ्यापुरती ऊब नव्हती तिच्यात पिल्लांपुरती कुठून आली, हे कोणी कोणाला विचारलं नाही. थोड्या वेळाने सुनेने रजईखाली हात घालून पाहिला. पिल्लं एकेक करून पांगली होती, चिवचिवही मंदावली होती.

"लागू पडली," ती म्हणाली.

म्हातारा तोवर आपल्या खोलीत गेला होता. जाताना त्याने भिंतीला हात धरला होता, आणि तेही दोघांनी पाहिलं होतं.

सकाळी कळलं की ओढ्यापलीकडचं मोठं झाड तारांवर पडलं आहे आणि त्याच्याबरोबर खांबही आडवे झाले आहेत. वायरमन सायकलवरून गावभर सांगत फिरला, आज येतील. वायरमनचं आज म्हणजे काय ते गावाला माहीत होतं. गिरणी बंद होती. नळाला पाणी चढत नव्हतं, म्हणून बायका विहिरीवर रांगा लावून एकमेकींच्या अंगावर ओरडत होत्या. सूर्य होता की नाही ते धुक्यामुळे कळायला मार्ग नव्हता. दिवसाही तोंडातून वाफ निघत होती.

शेठच्या घरी कामाला पार नव्हता. बल्बची ऊब गेली तर दुसरी आणायची कुठून? कोळसा होता, पण शेगडी घरात एकच, आणि ती म्हाताऱ्याच्या खोलीत. हिवाळा लागला की ती तिथेच असायची. म्हाताऱ्याच्या पायांना ऊब लागली नाही तर त्याच्या पोटऱ्यांत गोळे येत. आधी बायकोने एका पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून त्यात निखारे भरून पाहिले. डबा बुडातून फाटला, निखारा भुशावर पडला, आणि आग पसरायच्या आत शेठने ती तळहातांनी विझवली. तळवे भाजले. तो पाण्यात हात बुडवून उभा राहिला तेव्हा बायको त्याच्याकडे बघत नव्हती. ती म्हाताऱ्याच्या खोलीच्या दाराकडे बघत होती.

"तुम्हीच जा," ती म्हणाली. "मला नाही जमायचं."

तो गेला. म्हातारा खाटेवर पाय पोटाशी घेऊन बसला होता. अंगावर दोन चादरी, त्यावर जुना कोट, डोक्याला मफलर. शेगडीवर हात धरले होते.

"बाबा, दिवसभरापुरती नेतो ही. संध्याकाळी आणून देतो."

"ने की. दिवसा कशाला लागते?"

"तुम्ही स्वयंपाकघरात येऊन बसा चुलीपाशी."

"येतो. तू ने."

शेठने भाजलेल्या हातांना फडकं गुंडाळून शेगडी उचलली. उचलताना त्याने वडिलांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. खाणीवर निघताना जसं करायचा तसंच.

म्हातारा चुलीपाशी आला, पण चूल काही दिवसभर पेटती ठेवता येत नव्हती. लाकूड ओलं होतं, आणि जे कोरडं होतं त्याचे कोळसे करून शेगडीत घालायचे होते. सुनेने चहा करून दिला आणि निखारे उपसून नेले. म्हातारा थंड चुलीकडे तोंड करून बसला. तिथून उठून खोलीत गेला, खोलीतून परत आला. येता-जाता मागच्या खोलीच्या दारात थांबायचा.

"कशी आहेत?"

"आहेत," शेठ सांगायचा.

"खालची बघ. वरून सगळं बरंच दिसतं."

पण आत ये, असं शेठ त्याला म्हणाला नाही. खोली लहान होती, सारखं उठबस करायचं होतं, म्हातारा मध्ये अडचण झाला असता. आत ऊबही होती, हे मात्र त्याच्या मनात आलं आणि त्याने ते मनातच ठेवलं.

संध्याकाळी शेगडी परत गेली नाही. अंधार पडला तसा गारठा वाढला, पिल्लं पुन्हा कड्याच्या एका बाजूला जमू लागली, आणि शेगडी हलवली तर काय होईल ते दोघांनाही दिसत होतं. म्हाताऱ्यानेही मागितली नाही. सुनेने त्याच्या पायांना आपली जाडसर साडी गुंडाळली आणि गरम पाण्याची बाटली कापडात लपेटून पायाशी ठेवली. "उद्या दिवे येतील," ती म्हणाली. तो म्हणाला, "येतील की." बाटली गार व्हायला काय वेळ लागतो? पण तिला बाटलीची पुन्हा आठवण झाली ती सकाळीच.

दुसऱ्या दिवशी वायरमन दारात आला. त्याला शिडी हवी होती. सरकारी शिडी मोडली होती, आणि गावात धड शिडी गादीवाल्याच्या घरीच आहे, हे त्याला माहीत होतं. शिडी मागच्या खोलीतच होती. शेठ ती काढेपर्यंत वायरमन आत आला आणि शेगडीपाशी हात शेकत उभा राहिला.

"मजा आहे शेठ तुमच्या पिल्लांची. आमच्या घरी पोरं कुडकुडतायत," तो म्हणाला. मग वाकून त्याने कड्यावरची रजई चिमटीत धरली. तिची एक बाजू पिल्लांच्या विष्ठेने बरबटली होती. "ही रजई कोणाची? हे टाके ओळखीचे आहेत. आमच्याकडेही एक आहे बाबांच्या हातची."

"जुनी आहे," शेठ म्हणाला. "कापूस मेलाय तिच्यातला."

"आणि बाबांना?"

"बाबांना दुसरी आहे."

घरात दुसरी रजई नव्हती. वायरमनने मान हलवली, शिडी खांद्यावर घेतली आणि निघाला. अंगणातून जाताना म्हाताऱ्याच्या खोलीची खिडकी लागते. तिथे तो जरा थांबला, आत डोकावला, आणि पुढे गेला. शेठने ते मागच्या दारातून पाहिलं. त्याला वाटलं, धावत जावं आणि काहीतरी सांगावं. पण तो कड्यापाशी बसून खालची पिल्लं वर काढू लागला. त्यातली काही मेली होती. त्याने ती पाटीत टाकली. बाकीची जिवंत होती, आणि वायरमनने जे पाहिलं ते पाहून झालं होतं.

दुपारी सून म्हाताऱ्याला जेवायला बोलवायला गेली आणि लगेच परत आली. तिचा चेहरा उतरला होता.

"तुम्ही जरा या," ती म्हणाली. "मला ते आत येऊ देत नाहीत."

म्हातारा खोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा होता. पायजमा मांड्यांपासून खाली ओला झाला होता, पायाखाली पाणी साचलं होतं. दोन्ही हात पोटाशी, पायजम्याच्या नाडीशी झटत होते. नाडीची गाठ घट्ट बसली होती. बोटं अशी आखडली होती की ती गाठीवरून नुसतीच घसरत होती. सकाळी गाठ मारली तेव्हा एवढी आखडली नसावीत. ज्या बोटांनी उभ्या गावाचे टाके घातले त्यांना आता स्वतःच्या नाडीची गाठ सुटत नव्हती.

"सुटेना रे," तो भिंतीलाच म्हणाला. "केव्हाचा सोडवतोय. सुनेला म्हणावं बाहेर थांब."

"ती बाहेरच आहे, बाबा."

शेठ त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसला. गाठ ओली होऊन आणखी आवळली होती. त्याने नखांनी ती ओढली, मग दातांनी ओढली. लघवीचा वास नाकात गेला. गाठ सुटली. त्याने पायजमा खाली उतरवला आणि कोरड्या फडक्याने वडिलांच्या मांड्या पुसायला घेतल्या. मांड्या हडकुळ्या झाल्या होत्या, कातडी निळसर पडली होती, आणि हात लावला तिथे अंग दगडासारखं थंड होतं.

म्हातारा दचकला. मग म्हणाला, "तुझे हात गरम आहेत रे."

शेठला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. सकाळपासून ते हात शेगडीपाशी होते, पिल्लांच्या रजईखाली होते, म्हणून ते गरम होते. म्हाताऱ्याला त्यातून काही टोचायचं नव्हतं. त्याला खरोखरच बरं वाटलं होतं, आणि तेच ऐकवत नव्हतं. शेठने दोन्ही भाजलेले तळवे त्याच्या पोटऱ्यांवर दाबून धरले. तळव्यांची आग होत होती तरी काढले नाहीत.

"तेवढं राहू दे," म्हातारा म्हणाला. "पिल्लांकडे कोण आहे?"

"असू दे पिल्लांना."

"असू दे काय? जा बघ. मग कशासाठी चाललंय हे सगळं?"

त्याच वेळी अंगणातून हाक आली. गिरणीवाल्या काकू आल्या होत्या. गिरणी बंद असली की काकूंना घरी करमत नसे आणि तोंडालाही विसावा नसे. पण आज त्या फारसं बोलल्या नाहीत. सून पुढच्या दाराला आडवी होऊन उभी राहिली. आत म्हातारा उघडा होता, वास सगळीकडे होता, आणि काकूंना आत घेणं शक्य नव्हतं. काकूंच्या डोक्यावर मोठं गाठोडं होतं.

"आत नको येऊ का?" काकू म्हणाल्या.

"बाबांना जरा बरं नाही, काकू."

"ठाऊक आहे. वायरमन सांगून गेला." काकूंनी गाठोडं ओट्यावर ठेवलं आणि सोडलं. आत लाल छिटाची रजई होती, जाडजूड, जपून ठेवलेली. "माझ्या लग्नात तुझ्या सासऱ्यांनी, आमच्या मामांनीच भरून दिली होती. पाहुण्यांना काढते अधूनमधून. घ्या, पाहुणे काय, येतील तेव्हा येतील."

"आमच्याकडे आहे, काकू," सून म्हणाली. सवयीने तोंडातून गेलं.

"असेल ना. पिल्लांकडे आहे." काकूंनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या तोंडावर काय उमटलं तेही पाहिलं, आणि मग त्यांनाच वाईट वाटलं असावं. "बरं, ते जाऊ दे. मी कोण बोलणार? माझ्या सासऱ्यांना मी काय काय केलंय ते मला माहीत. ठेव ही. मामांच्याच हातची आहे, त्यांना परकी वाटायची नाही."

सुनेने रजई घेतली. जड होती. दोन्ही हातांनी छातीशी धरून ती आत आली, तेव्हा शेठ वडिलांना कोरडा पायजमा घालत होता आणि नाडीला गाठीऐवजी सरफास मारत होता, सहज सुटेल असा.

"काकूंनी दिली," ती म्हणाली.

"ऐकलं," तो म्हणाला.

दोघांनी मिळून म्हाताऱ्याला खाटेवर निजवलं आणि ती लाल रजई अंगावर घातली. म्हाताऱ्याने कडेवरून बोट फिरवलं, टाके चाचपले. "गिरणीवालीची," तो म्हणाला. "हिचा बाप उभा होता माझ्या डोक्यावर, कापूस कमी घालशील म्हणून." त्याला हसू आलं, पण दात वाजत होते, म्हणून ते नीट उमटलं नाही. "परत द्यायची आहे ना? मळवू नका."

शेठ मागे गेला आणि शेगडी उचलून आणली. बायकोने विचारलं नाही, पिल्लांचं काय. तीच मागे जाऊन बसली. कोळसे नव्हते, होता तो तिच्या अंगाचाच आसरा. पदर कड्यावर पसरून, पिल्लांवर ओणवी होऊन, ती हातांनी त्यांना हलवत राहिली. पाटीत आणखी काही पडली. त्यांच्याकडे बघितलं की तिला रडू यायचं, आणि रडू नेमकं कशाचं येतंय ते तिला ठरवता येत नव्हतं.

दिवे आले ते तिन्हीसांजेला. गावभर ओरडा उठला, गिरणी घरघरायला लागली, कुणाच्या तरी घरचा रेडिओ मोठ्याने बोलायला लागला. मागच्या खोलीत बल्ब लागले आणि सगळी खोली पिवळी झाली. सुनेला पाटीतली मेलेली पिल्लं दिसली, बरबटलेली रजई दिसली, आपले हात दिसले. म्हाताऱ्याच्या खोलीतही दिवा लागला. शेठ खाटेच्या पायथ्याशी वडिलांची पावलं मांडीवर घेऊन बसला होता. इतका वेळ अंधार होता ते बरं होतं, असं त्याला वाटलं. म्हाताऱ्याने डोळे उघडून त्याच्याकडे बघितलं, आणि त्याने मान खाली घातली.

"वाचली का?" म्हाताऱ्याने विचारलं.

"बरीचशी वाचली."

"मग राहशील?"

"राहीन," शेठ म्हणाला.

म्हाताऱ्याने डोळे मिटले. खोकला होता, ताप नव्हता. डॉक्टरांकडच्या कंपाउंडरने येऊन छाती तपासली आणि म्हणाला, थोडक्यात निभावलं, आता गारठ्यात ठेवू नका. ऐकून दोघंही माना हलवत राहिली, जणू गारठ्यात ठेवणारं कोणी तिसरंच होतं.

पुढे ऊन पडलं. धुकं वर गेलं, अंगणाला उन्हाची तिरीप मिळाली. सुनेने पिल्लांवरची रजई बाहेर ओट्यावर आणून टाकली. एका अंगाने ती कडक झाली होती, वास मारत होती. खोळ धुवायची तर आतला कापूस काढायला हवा.

"मी उसवतो," शेठ म्हणाला. "तसाही मेलाय. फेकून देतो, नवा भरू."

तो ओट्यावर बसला. म्हाताऱ्याचं दाभण घेतलं आणि कोपऱ्यातले टाके उसवायला लागला. टाके नवे होते. दोरा कुठेही पिवळा पडला नव्हता, पण ते एकसारखे नव्हते. एक लांब, एक आखूड, मध्येच एक तिरका. म्हाताऱ्याच्या हातचे असे वेडेवाकडे टाके त्याने कधी पाहिले नव्हते. त्याने आत हात घातला.

आतला कापूस छान फुललेला होता. हात कोपरापर्यंत गेला तरी कुठे गाठ लागली नाही. एवढे दिवस पिल्लांवर पडून राहिला, तरी बोटं उघडली तशी बोटांभोवती पुन्हा वर आला. शेठने डोळे मिटले नव्हते. तरी त्याला अंगण दिसेनासं झालं.

सून बादली घेऊन आली होती. उसवलेल्या कोपऱ्यातून पांढरा पुंजका बाहेर आलेला तिने पाहिला, आणि बादली तिने हळूच खाली ठेवली. पावसाळा सरता सरता म्हाताऱ्याच्या खोलीत झाडताना रोज कापसाचे बारीक पुंजके निघायचे, ते तिला आठवलं. तेव्हा ती दिवसभर कामावर असायची. जुनी उशी फाटली असेल असं वाटून तिने ते केरात टाकले होते. विचारलं नव्हतं.

आतून, खाटेवरून, म्हाताऱ्याचा आवाज आला. "कसा निघाला रे कापूस?"

मेलाय, असं शेठच्या अगदी ओठांवर आलं. म्हटलं असतं तर सगळ्यांचंच झाकलं गेलं असतं, आणि म्हाताऱ्यानेही ते चालवून घेतलं असतं. पण बायको त्याच्याकडे बघत उभी होती.

"चांगला आहे, बाबा," तो म्हणाला. "एक गाठ नाही."

आतून खोकला ऐकू आला.

"याच वर्षी पिंजला," म्हातारा म्हणाला. "तू खाणीवरून यायच्या आधी. हात चालत नव्हते, रोज मूठ मूठ केला."

"मग मेलाय का म्हणालात?"

"तुला पिल्लं जगवायची होती."

शेठचा हात कापसातच राहिला.

"मी आपलं म्हणालो," म्हातारा म्हणाला. आवाजात राग नव्हता, गिऱ्हाइकाला हिशेब समजावून सांगावा तसा तो सांगत होता. "मला वाटलं, तू हात घालून बघशील."

सून बादली तिथेच ठेवून घरात गेली. शेठ ओट्यावर बसून राहिला. सकाळचा वारा अजून बोचरा होता, रजई उघड्यावर पडली होती, आणि आत घातलेल्या हाताला मात्र छान ऊब लागत होती.